चार लिटरचा डबा

आई, तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले आणि सोळा दिवस मी बोलतोच आहे. भेटायला येणाऱ्यांना हसवतोय म्हणा ना. लोक चेहरा पाडून येतात, सतरंजीच्या कडेला अवघडून बसतात आणि मी त्यांना तुमचे किस्से सांगतो. अडुसष्टाव्या वर्षी, बायपास झालेली माझी सासू हातात रंगाचा डबा घेऊन आमच्या हॉलमध्ये कशी येरझाऱ्या घालायची, ते मी उठून करून दाखवतो. तुमचं पदर खोचणं, मोठ्यानं "एक... दोन..." मोजणं आणि रविवारी सातावर थांबून "वसू, शिट्ट्या किती झाल्या गं?" असं ओरडणं. परवा तुमच्या गुलमंडीच्या शेजारीण इंदूताई इतक्या हसल्या, की वसुधाला आतून बाहेर येऊन बघावं लागलं.

मग पाहुणे जातात, मी सतरंजी झटकतो आणि माझी वाचा बसते. कारण त्या किश्श्यातली एक गोष्ट मी गाळतो. रोज गाळतो. ती मी तुमच्या लेकीला सांगितलेली नाही, आणि तुम्ही समोर असताना तुम्हालाही सांगितली नाही. आता सांगतो. उशीर झालाय हे मला कळतं. पण माझ्यासारख्या बोलघेवड्या माणसाला गप्प बसणं किती महाग पडतं, ते तुमच्याशिवाय कोणाला कळणार?

ऑपरेशननंतर तुम्ही आमच्या घरी आलात ते नाइलाजानं. छातीचं हाड तारेनं बांधलेलं, तीन महिने काही उचलायचं नाही असं कागदावर लिहिलेलं. मला तर काय, हुकूमच मिळाला. तुमच्या हातातून मी पाण्याचा पेला काढून घ्यायचो, चष्म्याची डबी काढून घ्यायचो. आपल्याकडं प्रेम करायची हीच तर रीत, समोरच्याच्या हातातलं काढून घ्यायचं आणि म्हणायचं, "राहू द्या, मी करतो." अडचण अशी, की तुम्ही सासूबाई आणि मी जावई. जावयानं बशी उचलली तर तुमचा धर्म बुडायचा. एकदा चहाच्या कपाचा कान तुम्ही धरलेला, बशी मी काठाला धरलेली, दोघंही "राहू द्या, राहू द्या" करतोय आणि चहा सगळा वसुधाच्या तपासायच्या पेपरांवर. ती म्हणाली, "तुम्ही दोघं बाहेर जाऊन मारामारी करा. मला चाळीस पोरं नापास करायची आहेत."

तीन महिने झाले. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, हाड जुळलंय, रक्तदाब ताब्यात आहे, आता ताकद वाढवायचा व्यायाम सुरू करा. मी म्हटलं, "म्हणजे सकाळी थोडं फिरायचं ना?" ते म्हणाले, "फिरायचं, आणि वजनही उचलायचं." मला वाटलं, डॉक्टरांची झोप झालेली नाही.

त्यांनी आपल्याला हॉस्पिटलातच फिजिओथेरपीच्या शाहीन मॅडमकडं पाठवलं. एवढीशी पोरगी, पण आवाज हवालदाराचा. मी तिला अगदी कोर्टात उभा असल्यासारखं विचारलं, "मॅडम, हृदयाच्या पेशंटच्या हातात वजन देता? उद्या काही झालं तर?"

"सर, दिल म्हणजे पंप. पाय कमजोर असले तर दोन जिने चढायला पंपाला डबल मेहनत. पाय तगडे झाले तर त्याच जिन्याला काम कमी. तुम्ही आराम देऊ देऊ त्यांच्या पंपाचं काम वाढवून ठेवलंय."

"ऐका जावईबापू," तुम्ही म्हणालात. तीन महिन्यांत पहिल्यांदा तुमच्या चेहऱ्यावर विजय दिसला.

"आजी, तुम्ही पण ऐका," शाहीन मॅडम तुमच्याकडं वळली. "वजन उचलताना श्वास कोंडायचा नाय. मोठ्यानं मोजायचं. मोजता येतंय म्हणजे श्वास चालू आहे. छातीत दुखलं, गरगरलं, की तिथंच थांबायचं. हीरोगिरी नक्को."

"हीरोगिरी आमच्यात हे करतात," तुम्ही माझ्याकडं बोट दाखवलंत.

तुम्हाला व्यायामाची हौस नव्हती, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्हाला घरी जायचं होतं. गुलमंडीतल्या कापडाच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्या, दुसरा मजला, अरुंद जिना. वर्षभर दुष्काळ, शहरात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी, आणि आलं तरी दाब एवढा कमी की ते खालच्याच नळाला यायचं. तिथं राहणाऱ्या प्रत्येकाला आपलं पाणी स्वतः वर न्यावं लागायचं. वसुधानं पहिल्याच आठवड्यात कमरेवर हात ठेवून सांगितलं होतं, "आई, तुझे डॉक्टर परवानगी देतील, मी नाय देणार. खालून वर एक डबा पाणी एकटीनं नेऊन दाखव. मग जा."

"केवढा डबा?" तुम्ही लगेच सौदा ठरवायला बसलात.

वसुधानं बाल्कनीतला माझ्या दुकानाचा रंगाचा रिकामा डबा दाखवला. चार लिटरचा, झाकणाचा, तारेच्या कडीचा. माझ्या दुकानाला त्या वर्षी बरकत होती. बायपास रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी नव्या इमारती उठत होत्या. माणसांना प्यायला टँकर आणि भिंतींना रोज नवा रंग. असे रिकामे डबे आमच्याकडं ढिगानं. तुम्ही तो उचलून बघितलात, रिकामाच, आणि म्हणालात, "एवढंच व्हय?"

सुरुवात अर्ध्या लिटरच्या बाटल्यांनी झाली. एक दिवस व्यायाम, एक दिवस सुट्टी. हात न टेकता खुर्चीतून उठायचं आणि बसायचं, दहा वेळा. भिंतीला हात लावून भिंत ढकलायची. ओटा धरून टाचा उचलायच्या. पहिल्या दिवशी तुम्ही खुर्चीतून चार वेळा उठलात आणि पाचव्यांदा उठताच येईना. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. छाती दुखत नव्हती, दम लागलेला नव्हता, मांड्याच नव्हत्या उरल्या. तीन महिन्यांत मी त्या काढून घेतल्या होत्या, पेल्यासारख्या आणि चष्म्याच्या डबीसारख्या.

आणि मग आई, दीड महिन्यात काय झालं! मी हे सांगताना अजूनही उभा राहतो. लोणच्याच्या बरणीचं झाकण, जे माझ्याच्यानं निघालं नव्हतं, ते तुम्ही काढलंत आणि बरणी माझ्यापुढं ठेवलीत. पूजा झाली की पाटावरून उठायला भिंत धरायचात, ती सुटली. आमच्या पहिल्या मजल्याचा जिना इंदूताईंशी फोनवर बोलत बोलत चढलात. साखरेचा आकडा खाली आला. हॉस्पिटलच्या हॉलमधली पहिली सत्रं संपली तेव्हा शाहीन मॅडमनं टाळ्या वाजवल्या. म्हणाली, आता घरीच करा, डब्यात एक लिटरपासून सुरू करा, दर आठ-दहा दिवसांनी अर्धा लिटर वाढवा, वहीत लिहा, मला फोनवर कळवा. पाणी मोजून डब्यात भरायचं काम माझ्याकडं आलं. वसुधा सकाळीच शाळेत जायची.

मला ते काम किती आवडायचं. बाटलीनं मोजून ओतायचो, झाकण ठोकून बसवायचो आणि नाटकातल्या चोपदारासारखा ओरडायचो, "सासूबाईंचं वजन हाजिर आहे!" तुम्ही म्हणायचात, "गप्प बसा, खालचे लोक ऐकतील."

तीन लिटरचा पहिला दिवस एप्रिलातला. लाइट गेलेली, पंखा बंद. तुम्ही हॉलमध्ये तीन फेऱ्या मारल्यात, डबा खाली ठेवलात आणि मटकन बसलात. चेहरा पांढरा. मी आई आई करत शाहीन मॅडमला फोन लावला. तिनं विचारलं, "दुखतंय का? नाही? सकाळपासून पाणी किती प्यायल्या?"

तुम्ही बोटानं अर्ध्या पेल्याची खूण केलीत.

"एवढ्या उन्हाचं? का?"

तुम्ही फोनमध्येच सुनावलंत, "टँकरपाशी बायका भांडायलेत, आणि मी लेकीच्या घरी बसून तांब्याच्या तांब्या ढोसू? आमच्या आईनं लेकीच्या घरी पाण्याचा थेंब घेतला नव्हता."

म्हणजे इतके महिने तुम्ही आमच्या घरी मोजून पाणी पीत होतात. मी तुमच्या डब्यात मोजून पाणी भरत होतो आणि तुम्ही पेल्यात मोजून घेत होतात. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, हृदय ठीक होतं. नुसतं ऊन आणि कमी पाणी. दोन दिवस थांबा, दोन लिटरपासून पुन्हा धरा, हळूहळू वाढवा, असं सगळ्यांनी सांगितलं. तुम्ही ऐकलंत. पाणीही प्यायला लागलात.

मी ऐकलं नाही, आई.

तो पांढरा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलेना. दोन लिटर भरले. आठ दिवसांनी अडीच भरायची वेळ आली तेव्हा तुम्ही आत पूजा करत होतात. मी बाटली हातात घेतली आणि पुन्हा खाली ठेवली. झाकण ठोकलं आणि ओरडलो, "अडीच लिटर हाजिर आहे!" त्यानंतर तीन म्हणालो, साडेतीन म्हणालो, चार म्हणालो. डब्यात दोनच होते. शेवटपर्यंत दोनच.

एकदा तुम्ही डबा हलवून म्हणालात, "जावईबापू, चार लिटर असून आतलं पाणी इतकं डुचमळतंय कसं?" मी म्हटलं, "पाणी नाचतंय आई, तुमची ताकद बघून." तुम्ही हसलात. मी हा विनोद तेव्हा चार जणांना सांगितला. अर्धाच.

तुम्ही वहीत तुमच्या गोल अक्षरात लिहिलंत, "चार लिटर. त्रास नाही." शाहीन मॅडमला फोन केलात. ती तिकडून ओरडली, "आजी, कमाल!" मी शेजारी उभा राहून टाळ्या वाजवत होतो.

मग ती सकाळ. गुलमंडीत नळ येणार होता. आपण तिघं क्रांती चौकातून रिक्षानं गेलो, तुम्ही मांडीवर रिकामा डबा घेऊन, एखादी मुलगी दप्तर घेऊन बसते तशा. सगळा जिना खाली जमला होता. इंदूताई म्हणाल्या, "राहू द्या हो, आमचा नेईल कोणी." तुम्ही पदर खोचलात. नळाखाली स्वतः डबा धरलात, काठोकाठ भरलात, झाकण लावलंत. उचललात. आणि माझ्याकडं बघितलंत.

ते बघणं मला पुसता येत नाही.

आठ पायऱ्या. मी मोजल्या, तुम्ही मोठ्यानं मोजत होतात. आठव्या पायरीवर बोटं सुटली, तुम्ही डबा जपून टेकवलात. थेंबही सांडू दिला नाहीत. दम लागलेला नव्हता. पण चेहरा पडला होता. "आज जड झालंय हो," तुम्ही म्हणालात. "घरी तर उचलत होते ना मी?"

जिन्यात जागा नव्हती. मी तुमच्या दोन पायऱ्या खाली उभा होतो, तुमचा चेहरा माझ्यापासून हातभर. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. आई, घरी दोन लिटर होते, मी घाबरून कमी भरले, तुम्हाला काही झालेलं नाही, अजून एक महिना मागा. तुम्ही मला शिव्या दिल्या असत्या. वसुधानं आठवडाभर अबोला धरला असता. एवढंच.

मी म्हणालो, "हो आई, उचलत होता की."

"मग हे हृदयच गेलं म्हणायचं," तुम्ही म्हणालात. कुणालाही दोष न देता, भाजी संपली म्हणावं तसं. वसुधानं पुढं होऊन तुमच्या पायाशी ठेवलेला डबा उचलला आणि वर नेला. तुम्ही वर गेलाच नाहीत. आठव्या पायरीवरून परत वळलात.

त्यानंतर तुम्ही व्यायाम सोडलात. मी किती नाटकं केली. हातापाया पडलो, शाहीन मॅडमला फोन लावून दिला, स्वतः डबे घेऊन हॉलमध्ये नाचलो. तुम्ही म्हणालात, "शरीराला आपलं कळतं जावईबापू. नाय म्हणतंय ते." तुमचं शरीर नाय म्हणत नव्हतं. खोटं माझं होतं. तुम्ही मला सोडून स्वतःच्या हृदयावर अविश्वास दाखवलात आणि मी तो दाखवू दिला. अडीच महिने तुम्ही पलंगावर. मी पुन्हा तुमच्या हातातून पेले काढून घ्यायला लागलो, या वेळी तुम्ही ते सोडून देत होतात. पुन्हा पूजेच्या पाटावरून उठायला भिंत लागली. मग पाटच गेला. मग सकाळी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पाय उचलला गेला नाही. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि पडून पडून छातीत कफ भरला. शेवटी डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "हृदयानं शेवटपर्यंत साथ दिली हो. हृदय चांगलंच होतं." त्यांना वाटलं, मला धीर देतायत.

मी भीतीनं केलं, असं मी स्वतःला सोळा दिवस सांगतोय. तेही अर्धंच आहे. तुमच्यासमोर अर्ध्या गोष्टी पुरे झाल्या. आई, तुम्ही घरी जाऊ नये असं मला वाटत होतं. वसुधाला माझे सगळे किस्से पाठ आहेत. मी तोंड उघडलं की ती शेवटचं वाक्य सांगून मोकळी होते. तुम्ही तोच किस्सा चौथ्यांदा ऐकतानाही हातातली शेंग सोलायची थांबवून विचारायचात, "मग?" पन्नाशीच्या माणसाला असं "मग?" विचारणारं कोण मिळतं? दोन लिटरच्या डब्यात मी तुम्हाला आणखी थोडे दिवस अडकवून ठेवत होतो. तुम्हाला तुमचा जिना हवा होता आणि मला माझा श्रोता.

हे मी माझ्याबरोबर घेऊन गेलोही असतो. पण काल शाहीन मॅडम येऊन गेली. भेटायला आली, फोटोसमोर बसली, आणि वसुधानं तिला तुमची वही दाखवली. वसुधा ती सगळ्यांना दाखवते, "आई चार लिटर उचलायची." शाहीन मॅडमनं ते पान बराच वेळ बघितलं. मग मला म्हणाली, "सर, मला कळत नाय. चार लिटर त्रास न होता उचलणारी बाई आठ पायऱ्यांत कशी थांबली? माझंच काही चुकलं असणार. मी घाई केली. आता मी वयानं मोठ्या पेशंटला दोन किलोच्या वर देतच नाय. डर लगता है."

त्या पोरीचा तो हवालदाराचा आवाज गेला, आई. आणि मी त्याही वेळी तिला चहा देत होतो. म्हणालो, "तुम्ही घ्या, गार होईल."

म्हणजे आता कुठंतरी तुमच्यासारखी एक बाई खुर्चीतून उठतेय, बसतेय, मोठ्यानं मोजतेय, तिच्या अंगात तीन किलोची, चार किलोची ताकद यायला तयार आहे, तिलाही तिच्या घरचा जिना चढायचाय, आणि तिला दोनवरच थांबवलं जातंय. माझ्यामुळं. तिच्या घरच्यांना मी ओळखत नाही. ती पडली तर मला कळणारही नाही.

म्हणून लिहिलं. बोलून सांगायला गेलो तर मी मध्येच काहीतरी विनोद करीन आणि सुटीन, मला माझी खात्री नाही. हे कागद आज शाहीन मॅडमला नेऊन देणार आहे, तिनं तिच्या हॉलमधल्या सगळ्या घरच्या लोकांना वाचून दाखवावे. त्याआधी वसुधाला. ती आत्ता शाळेतून आली आहे, पाय धुतेय. तिच्या आईची वही अजून टेबलावर उघडी आहे आणि तिच्या शेजारी मी हे ठेवतोय.

ती वाचेल, मग बाहेर येईल. काय म्हणेल, मला सांगता येत नाही. सत्तावीस वर्षांत आमचं जेव्हा जेव्हा वाजलं, तुम्ही काही न विचारता जावयाची बाजू घेतलीत. वसुधा म्हणायची, ही माझी आई आहे की तुमची? आई, आज घेऊ नका. आज तुमच्या लेकीच्या बाजूनं उभ्या राहा.